बाप सावकाराचं व्याज भरतो पण बँकेची पायरी चढत नाही, तेव्हा काय करायचं

तुझा प्रश्न नीट वाचला भाऊ. थोडक्यात तुझं असं आहे की तू पुण्यात कंपनीत आहेस, गाव यवतमाळ जिल्ह्यात, ६ एकर कोरडवाहू वावर, बाबांनी गावातल्याच एका माणसाकडून १ लाख रुपये ३ टक्के महिन्यानं घेतलेत, बँकेत जा म्हटलं तर ऐकत नाहीत, तू पाठवलेले पैसे आईच्या खात्यात तसेच पडून राहतात, आणि शेवटी तू लिहिलंस की "बाबांना साधं गणित कळत नाही, नुसता इगो आहे, समजावू कसं". मी बरीच वर्षं सेवा सहकारी सोसायटीत, म्हणजे गावात पीककर्ज देणाऱ्या संस्थेत, गटसचिव होतो, त्यानंतर बचत गटांचं आणि कर्जात अडकलेल्या घरांचं काम करतोय, यवतमाळ-वर्धा या पट्ट्यात. तू माझ्या पोरापेक्षा लहान असशील म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको.

आधी ते 'गणित कळत नाही' डोक्यातून काढ. ३ टक्के महिना म्हणजे वर्षाला ३६, म्हणजे लाखावर ३६ हजार, हे तुझ्या बाबांना तुझ्याआधी माहीत आहे. बँकेचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सूट आणि आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरून ३ लाखांपर्यंत व्याज जवळपास पडतच नाही, हेही गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचार, तो सांगेल. म्हणजे ज्याला शून्य टक्के माहीत आहे तो माणूस ३६ टक्के देतो. तो मूर्ख नसेल तर तो त्या ३६ टक्क्यांत काहीतरी विकत घेतोय. काय घेतोय ते समजून घे, मग बोल.

बँकेत काय होतं ते मी तुला सांगतो, कारण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. सात-बारा, आठ-अ, फेरफार, आधार, फोटो, दुसऱ्या बँकांचा बेबाकी (काही बाकी नाही असा) दाखला, एवढं सगळं घेऊन माणूस सकाळी ९ ला तालुक्याला जातो. साहेब मीटिंगमध्ये असतात. बाकड्यावर गावातलेच ४ जण बसलेले, त्यातला एक त्याचा व्याही नाहीतर भाऊबंद. मग काउंटरवरून जोरात आवाज येतो, "काका, तुमचं मागचं किती बाकी आहे?" आणि तो आकडा ६५ वर्षांच्या माणसानं सगळ्यांसमोर सांगायचा. मग "सोमवारी या". सोमवारी दुसरा कागद कमी. साहेब वाईट असतात असं मी म्हणत नाही, २ माणसांवर १५ गावं असतात, पण ज्याच्यावर बीतते त्याला ते कारण उपयोगाचं नाही. आणि सावकाराकडे? रात्री जेवणं झाल्यावर जायचं, "या पाटील, बसा", चहा येतो, १० मिनिटात नोटा हातात, बायकोलासुद्धा पत्ता नाही. तुझे बाबा व्याज भरतात ते या रात्रीच्या १० मिनिटांचं. सावकाराला हे पक्कं ठाऊक असतं, तो चहा त्याच्या धंद्याचा भाग आहे, त्यात मान-बिन काही नाही, उद्या वावर घ्यायची वेळ आली की तोच माणूस चौकात उभा राहून बोलतो. पण आज, या घडीला, तुझ्या बाबांची मान खाली घालायला लावत नाही असा तो गावातला एकच दरवाजा आहे, ही गोष्ट तुला पटत नसेल तरी मान्य कर.

अजून एक गोष्ट तुमच्या पिढीच्या ध्यानात येत नाही. सात-बारा आता ऑनलाइन आहे, कोणीही मोबाइलवर गट नंबर टाकून पाहतो. बँकेचं कर्ज घेतलं की 'इतर अधिकार' मध्ये बोजा चढतो. पोरीचं स्थळ पाहायला येणारे लोक चहा पिण्याच्या आधी सात-बारा काढून आलेले असतात, हे मी स्वतः बघितलंय. सावकाराच्या हातउसन्याचा बोजा कुठंच दिसत नाही. तुझ्या घरी लग्नाची बहीण असेल तर तुझ्या बाबांच्या डोक्यात हा हिशोब असणारच, आणि तो खोटा हिशोब नाही, स्थळं खरंच परत जातात.

आता जे सांगतो ते तुला कदाचित घरात कोणी सांगितलं नसेल. तू धरून चाललायस की बाबा बँकेत जात नाहीत. मला वाटतं की बाबांचं सोसायटीत खातं आहे, पीककर्ज आहे, आणि ते 'रेग्युलर' आहेत. आपल्याकडे मार्च आला की नवं-जुनं करायची धावपळ असते. जुनं कर्ज पूर्ण भरायचं, मग नवं मंजूर होतं. पण मार्चमध्ये हातात पैसा कुठला, कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) येऊन बी-बियाणं-दवाखाना-किराण्यात गेलेला असतो, तूर विकून झालेली. मग माणूस ८-१० दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलतो, बँकेत भरतो, नवं कर्ज निघालं की परत करतो. नवं कर्ज निघायला दोन महिने लागले, किंवा कमी निघालं, की ते ८ दिवसांचे पैसे तसेच राहतात आणि महिन्याला ३ टक्के चालू होतात. असली कित्येक घरं मला माहीत आहेत जिथं सावकाराचं कर्ज झालं ते बँकेचा थकबाकीदार होऊ नये म्हणूनच. थकबाकीदारांची यादी लागते, सोसायटीच्या आमसभेत नाव वाचलं जातं, सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहता येत नाही. बापाला ते नाव वाचलेलं नको असतं. "आपल्या घरातून कोनाचंच नाव आजवर यादीत नाई आलं" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की कर्जमाफीवर बोलताना मला आधी हेच लोक आठवतात.

कर्जमाफीनं या रेग्युलर माणसाचा जो अपमान झाला त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत पूर्ण माफी २ हेक्टरपर्यंत होती, म्हणजे ५ एकर, आणि आपल्याकडे कोरडवाहू वावर ७-८ एकर असूनही माणूस गरीबच असतो, तो बाहेर राहिला. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत थकलेल्याला दीड लाखापर्यंत माफी आणि भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार. भरणारा माणूस गावात हसण्याचा विषय झाला, "तू भरलं कायले?" असं पोट्टे त्याला विचारत होते. २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंत माफी झाली आणि भरणाऱ्याला ५० हजाराचं प्रोत्साहन म्हटलं, ते हातात पडायला २०२२ उजाडलं. माफी द्यायची की नाही तो वाद वेगळा, माझं मत आहे की ज्या भावात आपला कापूस जातो त्यात माफी ही भीक नसून मागच्या तोट्याची थोडीशी भरपाई आहे, पण ज्यानं बायकोचं डोरलं गहाण ठेवून हप्ता भरला त्याला तुम्ही काय सांगितलं?

द्यायची पद्धत कशी आहे यावर मात्र खूप अवलंबून असतं, आणि याच दोन योजनांत ते सरळ दिसलं. २०१७ ला ऑनलाइन अर्ज होता, नवरा-बायको दोघांनी 'आपले सरकार' केंद्रात जाऊन अंगठे द्यायचे, सर्व्हर बंद, रात्री २-२ वाजेपर्यंत रांगा, ऐन सोयाबीन-कापसाच्या हंगामात म्हातारी माणसं केंद्राच्या ओट्यावर झोपलेली. योजनेच्या नावात सन्मान होता, रांगेत नव्हता. काही लोकांनी अर्जच केला नाही, मी पात्र आहात म्हणून सांगायला गेलो तर म्हणाले, "आमाले मांगाले लावू नोका." २०१९ ला अर्ज काढून टाकला. बँकेनं याद्या दिल्या, यादीत नंबर आला की फक्त आधारचा अंगठा. त्याही याद्या गावात लागल्याच, पण 'मला माफ करा' असं लिहून द्यावं लागलं नाही, आणि तीच माणसं गुपचूप जाऊन अंगठा देऊन आली. पैसा सरकारचाच होता दोन्ही वेळेला.

सगळ्यात वाईट मी पाहिलं ते आत्महत्या झालेल्या घरात. मदत १ लाख रुपये, जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. त्याच्यासाठी तलाठी, पोलीस पाटील, कृषी सहायक यांच्या चौकशा, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत 'पात्र' की 'अपात्र'. नापिकी होती का, कर्ज बँकेचं किंवा सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. आता बघ, ज्या माणसानं आयुष्यभर आब राखायला बँक टाळली आणि विनापरवाना माणसाकडून रात्री पैसे घेतले, त्याचं ते कर्ज मेल्यावर कागदावर कर्जच धरलं जात नाही. त्याच्या बायकोला तेरवीच्या आत ५ लोकांसमोर सांगावं लागतं की नवरा दारू पीत होता का, घरात भांडण होतं का. एका ताईनं मला सांगितलं होतं, "भाऊ, अपात्र म्हनजे तो खोटाच मेला असं झालं नं." तिनं पुढं कुठलाही अर्ज भरला नाही, निराधारचा सुद्धा नाही. ३ एकर वावर तिनं वारस फेरफार करून स्वतःच्या नावावर करून घेतलं, दिराशी भांडून, तलाठ्याकडे खेटे घालून, आणि ती मला म्हणाली की नाव लागल्याच्या दिवसापासून किराणावाला तिच्याशी वेगळं बोलायला लागला. मदतीच्या लाखापेक्षा तो फेरफार तिच्या कामाला आला असं मी अजूनही म्हणतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं होतं, ते बोलणं सोपं वाटतं पण यवतमाळातल्या कोणत्याही विधवेला विचारून बघ नावाचा अर्थ काय असतो.

तुला वाटेल मी फक्त वावरवाल्यांचंच सांगतोय. आब काय एकट्या शेतकऱ्यालाच नसते. तुझ्या बाबांकडे निंदणाला, वेचणीला ज्या बाया येतात त्यांच्याकडे बघ. संध्याकाळी वावरवाला त्यांच्या घरी बाया सांगाले जातो, "उद्या येजा वं बाई", असं त्यानं यायचं, त्या कामासाठी त्याच्या दारात जात नाहीत. आता कोणी फोन करून बोलवलं तरी मुख्य बाईला घरी येऊन सांगितलं तरच बाकीच्या निघतात अशी गावं आहेत. वेचणीचा काटा त्यांच्यासमोर झाला पाहिजे, किलोमागे मजुरी आहे तर पोत्याचं वजन कापायचं ते आधी ठरलं पाहिजे. चुकारा बाजाराच्या दिवसाआधी झाला पाहिजे. ज्यानं एकदा "घरी येऊन घेऊन जा" म्हटलं आणि ओट्यावर उभं केलं, त्याच्या वावरात पुढच्या हंगामात बाया मिळत नाहीत, दुप्पट भाव दिला तरी. शेतकरी मंडळी म्हणतात मजूर माजले. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. बँकेच्या काउंटरवर तुमची मान जाते तेव्हा तुम्हाला जे वाटतं तेच त्या बाईला तुमच्या ओट्यावर वाटतं, आणि तिच्याजवळ 'नाही येत' म्हणण्याशिवाय दुसरं हत्यार नाही.

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या करारानं ठेवलेल्या गड्याचं, तेच. पाडव्याला साल ठरायचं, उचल द्यायची, वर्षभर माणूस बांधलेला, रात्री गोठ्यात साप निघाला तरी त्यालाच हाक. आज पोरं साल धरत नाहीत, तेच काम रोजानं नाहीतर ठेक्यानं करतात, कधी कधी वर्षाचा हिशोब केला तर पैसे कमीही पडतात, तरी साल नको म्हणतात. उचल फिटेपर्यंत माणसाला जबरीनं कामावर ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे, पण सालदारकी कमी झाली ती कायद्यानं कमी आणि पोरांच्या नकारानं जास्त. 'संध्याकाळी ६ नंतर मी माझा' एवढं त्यांना हवं होतं, आणि त्याची किंमत ते मोजतात. तुझे बाबा मोजतात तशीच.

कापूस विकताना काय होतं ते थोडक्यात सांगतो. व्यापारी मूठभर कापूस उपसतो, नाक मुरडतो, ओला आहे म्हणतो, क्विंटलमागे कट्टी (वजनात कपात) लावतो आणि शेतकरी गप्प बसतो कारण बंडीचं नाहीतर मेटॅडोरचं भाडं चढत असतं. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर निदान ओलाव्याचा आकडा मशीनवर दिसतो, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि १२ पर्यंत त्या हिशोबानं कपात. माणसाला कपातीचं एवढं दुःख नसतं, त्याचं म्हणणं असतं की कशाची कपात ते सांगा. काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, मागायची सवय लावा, कोऱ्या चिठ्ठीवर आकडा घेऊन येऊ नका. शेतकरी संघटनेची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आपल्या बापांना लगेच पटली कारण ती त्यांच्या मनातलीच होती.

आता तुझ्या पैशांचं. तू पाठवतोस आणि ते वापरत नाहीत. तू कसे पाठवतोस? फोनवर "बाबा ५ हजार टाकले, काळजी करू नका" असंच ना? त्या क्षणी तू देणारा झालास आणि ते घेणारे. आपल्याकडच्या माणसाला फुकटचं घशाखाली उतरत नाही, हे गाडगेबाबांच्या मुलखातलं वळण आहे, शेंडगावचा तो माणूस गावात आला की आधी गाव झाडायचा, लाकडं फोडायचा, मगच भाकर घ्यायचा. तर बदल्यात काहीतरी असू दे, आणि ते खरंखुरं असू दे, नाटक नको, बापाला नाटक लगेच कळतं. तुला पुण्यात तुरीची दाळ, ज्वारी, तीळ लागतंच, ते घरून घे आणि बाजारभावानं पैसे दे, तुझ्या दोन-चार मित्रांनाही लागत असेल, दाळ करून पाठवायचं काम बाबांचं, हिशोब त्यांचा, भाव त्यांनी ठरवायचा. मी हे काही घरांत करून बघितलंय, जो माणूस पोराच्या पैशाला हात लावत नव्हता तो दाळीचे पैसे मोजून घेतो आणि पोत्यामागं दोन किलो वरून टाकतो. ते दोन किलो परत करू नको, तो त्यांचा मान आहे. दुसरं म्हणजे बांधाची दुरुस्ती, विहिरीची मोटर असा वावराचा खर्च तुझ्या वाट्याचा म्हणून उचल, कारण वावर उद्या तुझंही आहे, त्यात मदत-बिदत काही नाही.

एक मात्र करू नको. बाबांना न सांगता परस्पर किराण्याचं खातं किंवा सावकाराचे पैसे चुकते करू नको. तुझ्या मनात प्रेम असेल, पण दुसऱ्या दिवशी तोच किराणावाला ४ लोकांत म्हणतो, "पोरानं भरले हो तुमचे", आणि मग बाप महिनाभर त्या गल्लीतून जात नाही. हे मी होताना पाहिलंय.

आईनं गटाचं कर्ज घेतलंय का ते हळूच विचार, गावागावात मायक्रोफायनान्स पोहोचलंय आणि त्यात आबरू हेच तारण असतं. एकीनं हप्ता दिला नाही की बाकीच्या बायांना तिच्या दारात बसवतात. रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम स्पष्ट आहेत: घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ते मायक्रोफायनान्स कर्ज, तारण घ्यायचं नाही, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जायला नको. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागीच, तिथं लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा बाई आलीच नाही तरच घरी यायची मुभा, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, नातेवाईकांना-शेजाऱ्यांना त्रास देणं तर अजिबात नाही. आमच्या गटातल्या बायांनी हे नियम मराठीत लिहून समाजमंदिराच्या भिंतीवर लावले, वसुलीवाला पोरगा आला की एक जण मोठ्यानं वाचते. तोही गरीबाचंच पोरगं असतं, त्याच्यावर ओरडत नाहीत, फक्त वाचतात, आणि तो ६ च्या आत निघतो.

सावकाराकडे वळू. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी अधिनियम आहे. परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, चक्रवाढ नाही, आणि पैसे भरल्याची पावती द्यावी लागते. सावकारीच्या व्यवहारात वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करून चौकशी होते आणि जमीन परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. पण एक लक्षात ठेव, तक्रार केली की धाड पडते, पंचनामा होतो, गावाला कळतं, बाबांनी जे लपवायला ३६ टक्के भरले तेच चव्हाट्यावर येतं. म्हणून वावराचा कागद झाला नसेल तर मी आधी तडजोड सांगतो. गावातली दोन मानाची माणसं, सावकारही ज्यांचं ऐकतो अशी, आजवर दिलेल्या व्याजाचा हिशोब, राहिलेली मुद्दल दोन हंगामात. बहुतेक जण कायद्याचं नाव नुसतं निघालं तरी ऐकतात. वावराचा कागद झाला असेल तर मात्र लाज बाजूला ठेवून अर्ज करायचा, तिथं मी कोणालाच थांबवत नाही, कारण वावर गेल्यावर झाकायला काही उरत नाही.

झालाय की नाही हे तुला पुण्यात बसून कळू शकतं. सात-बारा पाहा, फेरफार पाहा, आणि नोंदणी विभागाच्या साइटवर सूची-२ मध्ये (नोंदलेल्या दस्तांची यादी) गावाचं नाव आणि गट नंबर टाकून गेल्या काही वर्षांचे दस्त बघ. पाहिलंस हे बाबांना सांगू नको.

बँकेचं असं कर. कागदं सगळी तू गोळा कर, बाबांना फक्त सहीला एकदा जावं लागेल असं बघ. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे, साहेबाला हे तू आधी फोनवर शांतपणे विचारून ठेव, बाबांसमोर वाद नको. बँकेत गेल्यावर तू मागं बस, साहेबांना बोलू दे ते बाबांशी. पुण्याचं पोरगं बापाच्या वतीनं इंग्रजीत बोलायला लागलं की बाप खुर्चीतच लहान होतो.

आणि एक गंभीर गोष्ट, ही टाळू नको. बाबा फोन उचलत नाहीत, जेवण कमी झालंय, रात्री वावरात जाऊन बसतात, माणसांत येणं बंद केलंय, "माझं काय, आता तूच सांभाळ" असं बोलतात, यातलं काही दिसलं तर वरचे सगळे उपाय नंतर, आधी गाडीत बस आणि घरी जा. एकटं सोडू नको, फवारणीचं औषध घरातून हलव. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि तू स्वतःही तिथं विचारू शकतोस की बापाशी बोलू कसं.

तसं काही नसेल तर घाई करू नको. तूर निघायच्या वेळी ८ दिवस सुट्टी काढून जा, बोलणं घरात नको, तिथं आई ऐकते, शेजारी ऐकतात, वावरात धुऱ्यावर (बांधावर) बसून बोल. कर्ज किती, हा प्रश्न तू विचारू नको, तुझं स्वतःचं काय चाललंय ते आधी सांग, पुण्याचं भाडं, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्डचं राहिलेलं, खरं ते सांग. पोरगं आपलं उघडं करतं तेव्हा बाप आपला आकडा सांगतो, बहुतेक वेळा त्याच बैठकीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी. आकडा ऐकून तोंड वाकडं करू नको. "मार्चच्या आत नवं-जुनं कसं करायचं ते आपण दोघं बघू", एवढंच म्हण. आणि सूची-२ मध्ये काही दस्त निघाला तर त्याची तारीख आणि लिहून घेणारा-देणारा कोण ते मला कळव, अर्ज कसा लिहायचा ते त्यावरून सांगतो.